आठ वर्षं वाजलेला पोळपाट

आमच्या कुळाचाराचा पोळपाट आठ वर्षं हरवलेला नव्हता. तो वाजत होता.

हे एवढं सांगायला मला आठ वर्षं लागली, म्हणून सुरुवातीलाच सांगून मोकळा होतो. पुढच्या पानापर्यंत धीर टिकेल याचा भरवसा नाही. या प्रकरणात आजवर माझ्या धाकट्या भावजयीवर आळ आला, भांडी घासणाऱ्या बाईंची उलटतपासणी झाली आणि एका पांढऱ्या मांजराला केवळ संशयावरून घराबाहेर काढलं गेलं. खरा गुन्हेगार त्याच स्वयंपाकघरात रोज सकाळी चहात पोळी बुडवून खात होता. तो मी.

मी निवृत्त कार्यानुभव शिक्षक. भोकरदनला एकतीस वर्षं मुलांना खडू, मेणबत्त्या आणि काथ्याची पायपुसणी करायला शिकवली. निवृत्तीनंतर जालन्यात, मस्तगडात राहायला आलो. आम्ही मूळचे पिंपळगाव रेणुकाईचे. आमच्याकडं नवरात्रात देवीला पुरणाचा नैवेद्य असतो आणि नैवेद्याची पोळी आईच्या पोळपाटावरच लाटायची, असा कुळाचार. शिसवी लाकडाचा, एकसंध, तीन पायांचा, हाताला गार लागणारा पोळपाट. कडेला दाताएवढा टवका. (तोही मीच पाडला होता, पण त्याची शिक्षा आईच्या हयातीत भोगून झाली आहे.)

आईची एक सवय होती. पहिली पोळी लाटायला घेण्याआधी ती लाटणं पोळपाटावर दोनदा आपटायची. ठक् ठक्. लाटण्याला चिकटलेलं पीठ झाडण्यापुरतंच ते, पण मला आणि माझ्या धाकट्या भावाला, दिगंबरला, तो आवाज म्हणजे हुकूम होता. गोठ्यात असू, चिंचेवर असू, एकमेकांच्या उरावर बसलेले असू, ठक् ठक् ऐकलं की दोघं चुलीपुढं हजर. नैवेद्य निघाला की उरल्यासुरल्या कणकेच्या दोन चानक्या, म्हणजे तळहाताएवढ्या पोळ्या, आमच्या हातावर पडायच्या. तेवढी गोड पोळी मी पुन्हा खाल्ली नाही.

आई गेल्यावर ठरलं, एक वर्ष नैवेद्य माझ्याकडं, एक वर्ष भोकरदनला दिगंबरकडं. ज्याच्याकडं पाळी असेल त्याच्या घरी पोळपाट जायचा. एरवी तो पिवळ्या फडक्यात गुंडाळून स्वयंपाकघरात खुंटीला टांगलेला. वर्षातून एकदाच उतरायचा. थोडक्यात, चोरीला इतकी सोयीची वस्तू घरात दुसरी नव्हती.

आता दिगंबरची मुलगी रेश्मा. कॉलेजसाठी ती जालन्याला आमच्याकडं राहायची. पोरीला ड्रम वाजवायचा नाद. पिठाचा डबा, बादली, गॅसची रिकामी टाकी, माझी पाठ, काहीही वाजवायची. शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या. मग एके दिवशी तिनं एका मोडलेल्या ऑर्केस्ट्रातून एक काळा खोका आणला आणि माझ्यापुढं ठेवला.

"मोठे बाबा, हा इलेक्ट्रॉनिक ड्रमचा मेंदू. कानाला हेडफोन लावून वाजवायचं, बाहेर बिलकुल आवाज नाही."

"मग वाजव ना."

"पण पॅड नाहीत."

म्हणजे डोकं होतं, हातपाय नव्हते. दीड महिन्यावर गणपती. कॉलेजात वाद्यांची स्पर्धा. पोरगी हिरमुसून बसलेली. मी छाती पुढं काढून म्हणालो, "पॅड मी करतो!" (निवृत्त शिक्षकासमोर कुणी 'नाही' असा शब्द उच्चारू नये. पुढचं सगळं त्यातून घडतं.)

पॅड म्हणजे तसं फार काही नसतं. एक थाळी, तिच्या पोटाला चिकटवलेली रुपयापेक्षा जराशी मोठी पितळी चकती, तिला दोन वायरी. थाळीवर काठी पडली की चकतीला हादरा कळतो, ती मेंदूला कळवते, मेंदू आवाज काढतो. चकत्या मी बंद पडलेल्या खेळण्यांतून आणि दारावरच्या बेलांतून काढल्या. प्रश्न थाळीचा होता. कशाची करायची? आणि वर काय लावायचं?

मी रीतसर परीक्षा घेतली. वही केली, लाल पेन्सिल घेतली आणि शंभरापैकी गुण द्यायला लागलो. चपलेचा रबर: बावीस. काठी उसळतच नाही, भातात मारल्यासारखी रुतते. सायकलची ट्यूब: पस्तीस, काठावर पास. गाडीतलं रबरी पायपुसणं: अठ्ठावन्न, पण वास फार. खिडकीची मच्छरांची जाळी, दोन पदर, भरतकामाच्या रिंगमध्ये ताणून: एकसष्ट, मुलगी हुशार आहे पण नाजूक. स्टीलचं झाकण: शून्य. एकदा मारलं की पाचदा वाजायचं!

त्यातून शेजारपणाचा दोष निघाला. एका पॅडवर काठी मारली की बाजूचा पॅड आपोआप वाजायचा. रेश्मा म्हणाली, याला क्रॉसटॉक म्हणतात. मी वहीत लिहिलं, 'एकीला बोलले तर दुसरी वाजते. उपाय: दोघींना एकमेकींपासून लांब ठेवणे.' (ही नोंद लक्षात ठेवा. ती मला पुढं फार महाग पडली.)

सर्वांत मोठा तमाशा जमिनीवरच्या पॅडनं केला. पायानं वाजवायचा तो, ढुम आवाजाचा. चाचणीसाठी मी मेंदूला टेपचा स्पीकर जोडला होता. आमची ही स्वयंपाकघरातून भांडी घेऊन निघाली आणि पहिलं पाऊल पडलं. ढुम! दुसरं पाऊल. ढुम! ती थांबली. आवाज थांबला. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मुद्दाम एक पाऊल टाकलं.

ढुम!

"मी काय हत्तीन हाये का?"

"अगं, फरशीचा हादरा जातो. चकती फार संवेदनशील आहे."

"चकती संवेदनशील हाये! आन् चाळीस वर्षांचा नवरा?"

मग ती खलबत्त्यात शेंगदाणे कुटायला बसली तर मिरवणूक निघाल्यासारखं वाजायला लागलं. मेंदूची एक कळ पिळून मी संवेदना कमी केली. हिच्यावर तशी कळ कुठं असते ते मला अजून सापडलेलं नाही.

सगळे पॅड झाले, पण मधला होईना. त्याला स्नेअर म्हणतात. सर्वांत जास्त मार तोच खातो. त्याला पक्की, जड, गोल थाळी पाहिजे. प्लायवूडच्या तीन चकत्या कापल्या, तिन्ही बद्द वाजल्या. मी प्रत्येकीवर लाल पेन्सिलनं शेरा मारला: 'प्लायवूड क्र. १, नापास', 'क्र. २, नापास', 'क्र. ३, नापास'. मग बाजारातून आंब्याच्या लाकडाचा एक पोळपाट आणला. चव्वेचाळीस गुण! दिशा बरोबर होती. लाकूड कमी पडत होतं.

त्याच सुमारास आमची ही पंचमीला चार दिवस माहेरी गेली. रेश्मा कॉलेजात. घरात मी, मेंदू आणि खुंटी.

फक्त ऐकून बघावं, एवढंच मनात होतं. देवीशपथ. फडकं सोडलं, पोळपाट मांडीवर घेतला आणि काठीनं दोनदा टकटक केलं. ठक् ठक्.

मी चिंचेवरून उतरून आलेला पोरगा झालो होतो. आता लाकूड ओळखता येतं की नाही, तुम्हीच सांगा! खाली चकती चिकटवली, वायर जोडली, काठी मारली. सत्त्याण्णव गुण! (तीन टवक्याचे कापले.) एकतीस वर्षांच्या नोकरीत मी कुणाला इतके गुण दिले नव्हते.

पण तीन पायांमुळं तो स्टँडवर बसेना. करवत चालवताना मी डोळे मिटून घेतले. (मुलांना असं कधी करू देऊ नये.) तिन्ही पाय खिळ्यांच्या डबीत जपून ठेवले. वरून जाड रबर लावलं, सोल्यूशन फक्त कडेकडेनं, मधल्या भागाला हात लावायची छाती झाली नाही. स्पर्धा झाली की रबर काढायचं, पाय चिकटवायचे, पोळपाट खुंटीला. नवरात्र तर स्पर्धेच्याही महिनाभर पुढं होतं. तोवर खुंटी रिकामी दिसू नये म्हणून पिवळ्या फडक्यात 'प्लायवूड क्र. ३' गुंडाळून टांगून दिलं.

स्पर्धेत रेश्मा पहिली आली. भोकरदनहून दिगंबर आणि त्याची बायको सुमन आले होते. आमची ही डोळे पुसत म्हणाली, "काय वाजवलं गं पोरीनं! तो मधला तं बोलत व्हता." सुमन म्हणाली, "मला तं तो आवाज ऐकून सासूबाईच आठवल्या. कामून, देव जाने." मी खुर्चीत खाली सरकलो.

दुसऱ्या दिवशी माझी दाढ काढायची होती. गालात कापूस घेऊन घरी आलो तर हॉल रिकामा!

आमची ही म्हणाली, "भावजी आन् सुमन आल्ते. आता परीक्षा होईस्तोवर वाजवनं बंद म्हणून सगळं जीपमधी घालून घेऊन गेले."

"म्मम्म?"

"हो, सगळं."

कापूस होता म्हणून बोलता आलं नाही, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. कापूस संध्याकाळी काढला होता.

भोकरदनला जाऊन पॅड घेऊन यायचा मी दोनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा दिगंबर म्हणाला, "दादा, तूच पोरीला वाजवायची आठवन करून देऊन राह्यला!" दुसऱ्यांदा सुमननं जेवायला वाढलं आणि मी जेवून परत आलो. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सुमन पोळपाट न्यायला आमच्या दारात उभी राहिली. त्या वर्षी पाळी त्यांची होती.

खुंटीवरून गाठोडं उतरलं. सुमननं फडकं सोडलं. आत प्लायवूड! सुदैवानं शेऱ्याची बाजू खाली होती.

"आक्का, हे काय?" सुमन मोठ्या जावेला आक्का म्हणते.

"हे काय म्हंजे? पोळपाट कुठं हाये?"

"तुमच्या घरात व्हता. मला काय इचारता?"

"मागल्या महिन्यात जीप घेऊन आल्ती तव्हा तू एकटीच व्हतीस स्वयंपाकघरात. चहा करते म्हणून गेल्तीस."

"म्हंजे म्या चोरला? माझ्याच पाळीचा पोळपाट म्या कामून चोरू?"

"मंग काय पायानं चालत गेला?"

(पाय माझ्याकडं डबीत होते. चालत जाणं शक्यच नव्हतं.)

"कुनीतरी मुद्दाम लाकडाचा तुकडा ठिवला, बघा की, बराबर तेवढाच कापून!" असं म्हणत हिनं चकती उलटी करायला घेतली. मी झेप घेतली. एवढ्या चपळाईनं मी त्याआधी एसटीत खिडकीची जागासुद्धा पकडली नव्हती. "मी बघतो, मी बघतो," म्हणत ती घेऊन गच्चीवर गेलो आणि 'नापास'चे चार तुकडे केले. खाली आलो तेव्हा सुमन देवापुढच्या समईवर हात धरून उभी होती.

"या दिव्याची आन! म्या पोळपाट घेतला न्हाई."

"पोळपाट तुमच्याच घरात हाये, बास!" आमची ही म्हणाली.

आणि तिथं मी उभा होतो. दोघी अगदी खरं बोलत होत्या. पोळपाट सुमनच्याच घरात होता आणि सुमननं तो घेतला नव्हता. हे माहीत असणारा जगात एकच माणूस होता आणि तो पंख्याकडं बघत होता. सुमन रडत रिक्षात बसली. रिकामं पिवळं फडकं तिच्या हातात तसंच होतं.

पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर एका दिवसाचं भांडण झालं असतं. दुसऱ्या दिवशी सांगायचं तर पहिल्या दिवशी का नाही सांगितलं, तेही सांगावं लागलं असतं. असं करत करत आठ वर्षं झाली. दोन्ही घरांनी नवे पोळपाट आणले, दोन्हीकडं नैवेद्य वेगळे झाले. रेश्मा कॉलेजच्या होस्टेलवर गेली. ना दिवाळीला येणं, ना संक्रांतीचं वाण. दिगंबर कामाला जालन्याला आला की घरी यायचा नाही. मला फोन करायचा आणि आम्ही दोघं म्हातारे बस स्टँडच्या टपरीवर चोरून भेटायचो, अर्धा अर्धा चहा प्यायचो. तो निघताना दर वेळी म्हणायचा, "दादा, वहिनींची तब्येत बरी हाय ना?" आणि मी दर वेळी ठरवायचो की पुढच्या भेटीत सांगायचं.

आणि पोळपाट? तो भोकरदनला मजेत होता! परीक्षा झाल्यावर रेश्मानं पुन्हा वाजवणं सुरू केलं. मंडळाच्या कार्यक्रमात वाजली, कॉलेजात वाजली. दोनदा तर नवरात्रात पिंपळगावला रेणुकाईच्या देवळापुढं आरतीला वाजली. पोळपाट आमच्या दोन्ही घरांना चुकला, पण देवीची हजेरी त्यानं चुकवली नाही.

या उन्हाळ्यात रेश्माचं लग्न ठरलं. टपरीवर दिगंबरनं चहाला हात लावला नाही.

"दादा, पोरगी म्हन्ते, मोठी आई आल्याशिवाय हळद लावून घेनार न्हाई. सुमन म्हन्ते, चोर म्हणलेलं आधी मागं घ्या. म्या काय करू सांग."

घरी येऊन मी हिच्याशी बोललो. ती म्हणाली, "पोरीसाठी जीव तुटतो माझा. पन पोळपाट दाखवा म्हनाव. हळदीच्या दिवशी देवीचं पुरन त्याच्यावर लाटलं जाऊ द्या, मंग मी शब्द मागं घेते."

म्हणजे आता पोळपाट 'सापडणं' भाग होतं. पण कुठं सापडवायचा? भोकरदनला सापडला तर सुमन चोर ठरणार. मस्तगडात सापडला तर आमची ही खोटी पडणार. तीन दिवस विचार केला आणि शेवटी एक निर्दोष जागा सुचली. रेणुकाईचं देऊळ! तिथं गाभाऱ्याशी ठेवून यायचा आणि देवीनं परत दिला म्हणायचं. स्वतः निस्तरायचं सोडून मी देवीलाच आरोपी करायला निघालो होतो. त्यासाठी आधी पॅडातून पोळपाट सोडवायला हवा होता, म्हणून हळदीच्या दिवशी खिशात तीन पाय आणि पेचकस टाकून मी हिला घेऊन निघालो. हिला म्हणालो, "हळदीपुरती मांडवात बस. घरात पाऊल टाकू नको."

भोकरदनला दुपारी पोचलो. मांडवात कासार बसलेला, बायका बांगड्या भरून घेत होत्या. रेश्मा मधोमध. सुमन एका कोपऱ्यात. आमची ही दुसऱ्या कोपऱ्यात खुर्ची उलटी फिरवून बसली. सगळे बाहेर. मी पाणी प्यायच्या निमित्तानं आतल्या खोलीत शिरलो. तिथं संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी सगळे पॅड मांडून ठेवलेले. मी दार लोटलं. कूलर धडधडत होता, त्यामुळं बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. उत्तम!

मी पेचकस रबराच्या कडेत घातला. सोल्यूशन आठ वर्षांत दगड झालं होतं. खरवडलं. ओढलं. पेचकस सटकला. पुन्हा घातला. पॅडला दोन गुद्दे मारले. अर्धं निघालं, पुढं हलेना. शेवटी दमून पॅडवर कपाळ टेकवलं आणि म्हणालो, "आई, चुकलो." आणि मनाचं समाधान होईना म्हणून कपाळ दोनदा आपटलं.

मेंदू सुरू होता आणि त्याची वायर मांडवातल्या दोन पुरुषभर उंचीच्या स्पीकरांत गेली होती, हे मला ठाऊक नव्हतं.

मांडवात काय झालं ते दिगंबरनं नंतर सांगितलं. आधी लांबलचक कर्रर्र झालं, जादूगार टोपीतून ससा काढायच्या आधी वाजवतात तसं. मग ताड ताड ताड. कासाराच्या हातातली बांगडी फुटली. कुणीतरी म्हणालं, "रेश्मा, जोरात वाजवून राह्यलीस गं!" रेश्मा तिथंच समोर बसलेली. मग जरा शांतता. आणि मग, ढप्प, ढप्प. (ते माझं कपाळ.)

दार उघडलं. पुढं आमची ही, "घरात पाऊल टाकू नको" विसरून. तिच्यामागं सुमन, एक हात बांगड्यांनी भरलेला, एक रिकामा. मागं दिगंबर, रेश्मा आणि बांगड्यांची पेटी छातीशी धरून कासार.

"काय करून राह्यले तुम्ही?"

"रबर जरा सैल झालं होतं," मी म्हणालो. माझ्या हातात अर्धं रबर सोललेलं आणि आतून शिसवी लाकूड दिसत होतं.

सुमन खाली वाकली. टवक्यावरून बोट फिरवलं.

"आक्का, हा तं आपला..."

"त्योच."

आठ वर्षांत त्या दोघी एकमेकींशी बोललेले हे पहिले शब्द. त्यानंतर मात्र दोघी एकदमच बोलल्या.

"मी म्हणत व्हते ना, पोळपाट तुमच्याच घरात हाये!"

"आन् मी म्हणत व्हते ना, म्या घेतला न्हाई!"

दोघी थांबल्या. एकमेकींकडं पाहिलं. मग दोघी हळूहळू माझ्याकडं वळल्या.

मी सगळं सांगितलं. पंचमी, करवत, प्लायवूड क्रमांक तीन, दाढ, कापूस. खिशातून तिन्ही पाय काढून पुढं ठेवले.

"पाय बी कापले?"

"जपून ठेवले होते."

"उपकार झाले!"

मग ही तिथंच पलंगाच्या कडेला बसली. "दिव्यावर हात ठिवला व्हता हिनं," ती म्हणाली, "आन् मी हिला चोर म्हनले. आन् तुम्ही पंख्याकडं पाहून राह्यल्ते." मला वाटलं होतं ती ओरडेल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं सुमनचा रिकामा हात हातात घेतला. "चल, आधी हात पुरा भर. चुकलं माझं."

"तुमचं कुठं चुकलं, आक्का," सुमन माझ्याकडं बघत म्हणाली. "सासूबाईंच्या पोळपाटावर आठ वर्षं काठ्या! आन् मला दर नवरात्रात वाटायचं, त्या जवळच कुठंतरी हायेत."

रेश्मा मात्र खाली बसून चकती तपासत होती. "मोठे बाबा, चांगली चालू आहे अजून. पुरण होऊ द्या, पण वायर काढू नका. संध्याकाळी मला हाच पाहिजे."

पोळपाट उरलेलं रबर सोलून, धुऊन पुसून, वायरीसकट, लंगडाच, ओल्या फडक्यावर ओट्यावर बसला. फडकं पिवळंच होतं. सुमननं ते ठेवलं होतं. लाटणं आधी कुणी घ्यायचं यावर दोघींचं नव्यानं सुरू झालं.

"तुम्ही मोठ्या."

"त्या वर्षीची पाळी तुझी राह्यली हाये. घे मुकाट्यानं."

सुमननं लाटणं घेतलं आणि सासूकडून शिकलेली सवय, दोनदा आपटलं. ओट्यावर ठक् ठक्, मांडवात ढप्प ढप्प.

दिगंबर मांडववाल्याला काहीतरी ओरडून सांगत होता. वाक्य अर्धवट सोडून तो स्वयंपाकघराच्या दारात आला. मी त्याच्या आधीच तिथं पोचलो होतो. एकाला मोतीबिंदू, एकाचे गुडघे गेलेले, पण दोघांनाही धाप लागली होती.

"काय पायजे?" सुमननं विचारलं.

"काही न्हाई," दिगंबर म्हणाला. "आवाज आला."

देवीचा नैवेद्य निघाला. मग उरल्यासुरल्या कणकेची एक चानकी दिगंबरच्या हातावर पडली. मी हात पुढं केला. आमची ही म्हणाली, "ह्यांना न्हाई." मी हात मागं घेतला. दिगंबरनं कुणाचं लक्ष नाही असं पाहून अर्धी चानकी मोडली आणि बस स्टँडवरच्या चहासारखी गुपचूप माझ्या हातात सरकवली. जरासा रबराचा वास होता. गोडी तीच.

रेश्माचं लग्न थाटात झालं. अक्षता टाकायला आमची ही सगळ्यांत पुढं होती.

आता दोघी जावा रोज फोनवर बोलतात. आठ वर्षांची बाकी असल्यामुळं दोन दोन तास बोलतात. विषय एकच असतो, आणि तो इथं बसून हे लिहून राह्यला आहे. मी मस्तगडात चहात अर्धा चमचा साखर जास्त घातली की पाच मिनिटांत भोकरदनहून दिगंबरचा फोन येतो, "दादा, साखर कमी कर म्हणून राह्यल्या दोघी." एकीला बोललो की दुसरी वाजते! परवा मी जुनी वही काढून तो दोष शोधला. त्यापुढं माझ्याच अक्षरात उपाय लिहिलेला होता: दोघींना एकमेकींपासून लांब ठेवणे.

मी लाल पेन्सिल घेतली आणि शेरा मारला: 'उपाय आठ वर्षं करून पाहिला. नापास. शिक्षकही.'